डीजे स्टेंट टाकलाय? मग आधी काढायची तारीख लिहून ठेवा

आपल्या खान्देशात वैशाखात पारा ४५ च्या आसपास जातो, दिवसभर घाम निघतो, पाणी कमी पडतं, लघवी घट्ट होते आणि मुतखड्याचे पेशंट वाढतात. खडा किडनीतून निघून खालच्या नळीत अडकला की लघवी मागे तुंबते, किडनी सुजते, आणि त्यात ताप-थंडी आली तर ती इमर्जन्सी समजायची, "सकाळी बघू" म्हणायचं नाही. अशा वेळी आधी अडलेली लघवी मोकळी करायची असते, त्यासाठी डॉक्टर डीजे स्टेंट टाकतात (कधी पाठीतून किडनीत नळी टाकतात), खड्याचं ऑपरेशन मग इन्फेक्शन उतरल्यावर.

स्टेंट म्हणजे साधारण २४-२६ सेंटीमीटरची मऊ, पोकळ, बारीक नळी. एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात, दोन्हीकडे इंग्रजी J सारखं वाकडं (म्हणून डीजे, म्हणजे डबल-जे), त्यामुळे सरकत नाही. दुर्बिणीतून टाकतात, पोटावर चिरा नसतो.

आता घरी आल्यावरचं. सारखी लघवीला लागते, जळजळ होते, आणि लघवी करताना कंबरेत कळ येते, कारण नळीतून थोडी लघवी उलटी किडनीकडे जाते. चाललं, वाकलं, बाईकवर खड्ड्यातून गेलं की लघवी गुलाबी होते, पाणी पिऊन आराम केला की बहुतेक उतरते. हे बऱ्याच जणांना होतं, घाबरू नका. पण केळीचे घड उचलणं, पोती वाहणं हे नळी असेपर्यंत दुसऱ्यावर सोपवा. लघवी दाबून धरू नका, सावकाश पूर्ण करा. पाणी दिवसातून अडीच-तीन लिटर (हार्टचा किंवा किडनी फेलचा पेशंट असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). त्रास जास्त असेल तर टॅमसुलोसिनसारखी गोळी डॉक्टर देतात, तिने बऱ्याच जणांना फरक पडतो, मेडिकलवरून मनाने पेनकिलर मात्र आणू नका, काही पेनकिलर किडनीलाच नडतात.

थंडी वाजून ताप, रक्ताच्या गाठी, लघवी बंद, न थांबणारी कळ, यापैकी काही झालं तर रात्र असो की लग्नाची पंगत, सरळ दवाखाना गाठायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही नळी कायमची नाही. काहींची आठवड्या-दोन आठवड्यांत निघते, काहींना जास्त दिवस ठेवतात, पण साधारण तीन महिन्यांच्या पुढे आपल्या मनाने ठेवायची नाही, त्यावर क्षार बसतात, खडे धरतात, मग दहा मिनिटांचं काम मोठं ऑपरेशन होऊन बसतं. आपल्याकडे माणूस दुखायचं थांबलं की कामाला सुरतला निघून जातो आणि नळी पोटातच राहते! म्हणून डिस्चार्ज कार्डावर "डीजे स्टेंट" आणि काढायची तारीख लिहिलीय का ते काउंटरवरच बघा, कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, कॅलेंडरवर खूण करा. बाहेरगावी असाल तर तिथल्या युरॉलॉजिस्टला (लघवीच्या आजारांच्या डॉक्टरला) कार्ड दाखवा, तोही काढू शकतो.

काढताना बहुतेकदा जेली लावून दुर्बीण घालतात, काही मिनिटांत होतं, लहान मुलांना भूल देतात. काही स्टेंटला बाहेर दोरा असतो, तो स्वतः ओढू नका. नंतर एक-दोन दिवस जळजळ राहते, पाणी पीत राहा, आणि दवाखान्यातून निघण्याआधी विचारून घ्या, खडा पूर्ण निघालाय का, आणि पुढची सोनोग्राफी कधी करायची.