जुनी कट्यार म्यानात ठेवू नका

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जुन्या पात्याला सहसा काही होत नाही. घात होतो तो पावसाळ्यात. चामड्याचं म्यान ओल धरून ठेवतं आणि पातं आतल्या आत गंजत जातं. म्हणून एकोणिसाव्या शतकातला चाकू असो की कट्यार, पातं आणि म्यान वेगवेगळं ठेवा. हाताळून झालं की सुती फडक्यानं घाम पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. काळसर झाक मात्र घासून काढू नका! तीच त्याच्या वयाची खूण. पॉलिश मारून लखलखीत केलेलं पातं दिसलं की जीव हळहळतो. अजब बंगल्यातलं, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातलं, शस्त्रदालन एकदा निवांत बघून या. खिशात मावणारं जुनं पिस्तूल घ्यायचं असेल, तर पैसे देण्याआधी परवान्याची चौकशी करा.