रोहूच्या अंगावर लाल चट्टे: लसूण-हळदीचं खाद्य, माझा अनुभव

शेततळं आमचं चोपड्याकडे, त्यात रोहू-कटला. डिसेंबरात गारठा वाढला आन फेकजाळ्यात आलेल्या रोहूच्या पोटाजवळ लाल चट्टे, खवले सुटलेले, हात लावला की बुळबुळीत. आधी पाणी बघा भाऊ, कारण आजारी मासा खाद्यच खात नाही मग त्यात लसूण घाला का सोनं घाला. थोडं पाणी बदललं, चुना हेक्टरी २०० किलोच्या हिशोबाने भिजवून, थंड करून, पाण्याचा पीएच (आम्लता) बघत थोडाथोडा करून दिला, आन खाद्य निम्मं केलं.

मासे परत खायला लागले तेव्हा लसूण सुरू केला. १ किलो खाद्याला १० ग्रॅम लसूण आन ५ ग्रॅम हळद. लसूण ठेचून १० मिनिटं तसाच ठेवायचा, कारण त्यातलं अ‍ॅलिसिन, म्हणजे जंतूंवर काम करणारं द्रव्य, ठेचल्यावरच तयार होतं, आन उकळायचा तर अजिबात नाही, उष्णतेने ते जातं. थंड झालेल्या भाताच्या पेजेत कालवून खाद्याच्या गोळ्यांना चोळायचं, वरून जरासं तेल, म्हणजे पाण्यात पडल्या पडल्या सगळं धुवून जात नाही. बारदानावर सावलीत सुकवायचं, उन्हात नको.

नवीन चट्टे दिसायचे हळूहळू थांबले, पण जे मासे जास्त खराब झाले होते ते गेलेच. श्रेय लसणाला किती आन चुन्याला किती हे कोण सांगणार, मला तर चुन्याचंच जास्त वाटतं. पण आजारी पडल्यावर मासा खातच नाही, म्हणून आता लसूण थंडीच्या आधीच चालू करतो. आन एक, रोजच्यापुरतंच बनवा, ओलसर राहिलं की बुरशी धरते.