घरातल्या वेळेचा हिशेब वहीत कसा मांडायचा

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. घरात कोण किती राबतं यावर तोंडी वाद घातला की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. म्हणून आधी वही काढा, बोलणं नंतर.

पद्धत मी सरकारी पाहणीवरून घेतली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये देशभर लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. घरातल्या सहा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाने आदल्या दिवशी पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत काय केलं, हे अर्ध्या अर्ध्या तासाने लिहून घेतात. आपण तेच करायचं. वहीची समोरासमोरची दोन पानं एका माणसाला, एकेका पानावर चोवीस ओळी, एका ओळीला अर्धा तास. चारला सुरुवात केली की रात्री एकला तापलेल्या पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेली आई त्याच दिवसाच्या पानावर येते.

दिवस नीट निवडा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. मधलाच एखादा दिवस लिहिला तर पाण्याचं काम वहीत दिसणारच नाही. त्यामुळे एक पाण्याचा दिवस, एक साधा कामाचा दिवस आणि एक रविवार असे तीन दिवस तरी घ्या. तुमच्या गावात पाणी रोज येत असेल, पण आठवडी बाजाराचा, दळणाचा किंवा आजारी माणसाच्या डायलिसिसचा दिवस असेल, तर तो धरा. सणाचा दिवस मात्र यात मिसळू नका, त्याची वेगळी पानं करा.

प्रत्येक ओळीत दोन रकाने हवेत: मुख्य काम आणि सोबतचं काम. पाहणीतही एका अर्ध्या तासात तीनपर्यंत कामं लिहिता येतात, दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली. सगळी गंमत या दुसऱ्या रकान्यात आहे. माझ्या पानावर साडेसहा ते सात: भाकऱ्या, सोबत लेकीचे पाढे ऐकणे. साडेआठ ते नऊ: टीव्ही, सोबत मेथी निवडणे. नवऱ्याच्या पानावर साडेआठ ते नऊ: टीव्ही, दुसरा रकाना कोरा. पहिलाच रकाना वाचला तर आम्हा दोघांना सारखाच आराम मिळाला असं निघतं. माझा नियम सरळ आहे: हात कामात असतील तर तो वेळ कामाचा.

ज्याचं पान त्यानेच लिहायचं, त्याच दिवशी, दोन-तीनदा बसून. सासूबाई लिहीत नाहीत, म्हणून लेक त्यांना विचारून लिहिते. ‘काही नाही, बसले होते’ असं त्या म्हणाल्या की लेकीने पुढचा प्रश्न विचारायचा, बसून काय केलं? शेंगा सोलल्या, तांदूळ निवडले, शेजारच्या बाळाला सांभाळलं, गॅसवाल्याची वाट पाहिली. वाट पाहणंही लिहा, कारण त्या वेळात माणूस घराबाहेर पडू शकत नाही.

मग रंगीत पेन्सिली घ्या. पगाराचं काम आणि त्यासाठीचं जाणं-येणं एका रंगात, घरकाम दुसऱ्या, मुलांचं-म्हाताऱ्यांचं तिसऱ्या, मोकळा वेळ चौथ्या. भाजी आणणं घरकामात येतं, मुलांचा अभ्यास घेणं सांभाळण्यात. बेरीज करा, पण मोकळ्या वेळाची नुसती बेरीज पाहू नका, सलग तुकडा किती मोठा आहे ते बघा. दहा-दहा मिनिटांच्या सहा फटींत पुस्तकाचं एक प्रकरण होत नाही, सलग तासात होतं.

देशाचे आकडे शेजारी ठेवायचे तर जपून ठेवा. 2024 च्या पाहणीत घरकामाला बायकांची रोजची सरासरी 289 मिनिटं आणि पुरुषांची 88 आली. ही सरासरी त्या दिवशी घरकाम केलेल्यांचीच आहे. 2019 मध्ये तसे पुरुष शंभरात 26 होते आणि बायका 81. ज्यांनी कशालाच हात लावला नाही ते त्या 88 मिनिटांत मोजलेलेच नाहीत. म्हणून ‘मी सरासरीइतकं करतो’ हे उत्तर मान्य करू नका.

आता वाटणी. तुकडे वाटू नका, अख्खं काम द्या. आमच्याकडे पाणी नवऱ्याकडे गेलं. म्हणजे फक्त मोटार चालू करणं नव्हे. पाणी कधी येणार याची चौकशी, आदल्या रात्री पिंप घासणं, पहिलं गढूळ पाणी सोडून देणं, टाकी भरेपर्यंत जागणं, मोटार बिघडली की मिस्त्री बोलावणं, सगळं त्याचं. आठवण करून द्यायचं काम तुमच्याकडे राहिलं तर अर्धं काम तुमच्याचकडे राहिलं. आणि एकदा दिलं की उभं राहून सूचना देऊ नका. पिंप तुमच्या पद्धतीने घासलं गेलं नाही तरी चालतं, स्वच्छ झालं पाहिजे.

शेवटी प्रत्येकाचा एक सलग मोकळा तास ठरवून दाराच्या मागे लिहून लावा, सासूबाईंचाही. त्या तासात त्या माणसाला हाक मारायची नाही. शाळेची वेळ बदलली, कुणाची कामाची पाळी बदलली किंवा घरात कुणी आजारी पडलं की वही पुन्हा काढायची आणि कामं नव्याने वाटायची.