गीझरखाली टपकणारं पाणी: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

गीझर दुरुस्तीत मी नवा होतो तेव्हा एक चूक केली होती. ती आधी सांगतो, कारण तुमच्यापुढेही तो प्रसंग पहिल्या दोन-तीन महिन्यांत येणारच आहे.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं घर. काकू म्हणाल्या, "गीझरमधून सारखं पाणी टपकतंय, खालचं पीओपी खराब झालं. तेवढं बंद करून दे बाबा." गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी जास्तीचा दाब सोडणारा मल्टीफंक्शन व्हॉल्व्ह असतो, त्याच्या बारीक नळीतून थेंब पडत होते. मी नळीला बूच मारलं. थेंब थांबले, काकूंचं समाधान झालं, मी निघालो. संध्याकाळी हिशेब देताना मिस्त्रीकाकांना हे सांगितलं, तर त्यांनी वही मिटली. "आधी फोन कर. गीझर बंद ठेवायला सांग." मग मला गाडीवर मागे बसवून पुन्हा त्या घरी घेऊन गेले. वाटेत एकच प्रश्न विचारला, "कुकरच्या शिट्टीवर वरवंटा ठेवशील का?"

माझ्या आजीकडे तांबट आळीतून आणलेला तांब्याचा बंब होता. वरचं तोंड उघडं, त्यामुळे पाणी कितीही तापलं तरी आत दाब साठत नसे. गीझर ही बंद टाकी आहे, आणि सगळा फरक इथेच पडतो. पाणी तापलं की फुगतं. थंडीतल्या सकाळी २० अंशांचं पाणी ६० अंशांवर नेलं, तर २५ लिटरच्या टाकीत ते साधारण पावणेचारशे मिली वाढतं. पाणी दाबून लहान होत नाही, पोलादी टाकी ताणली जात नाही. मग हे जास्तीचं पाणी जाणार कुठे? व्हॉल्व्हमध्ये एकेरी झडप असते, म्हणून ते मागे थंड पाइपात जाऊ शकत नाही. ते त्या बारीक नळीतूनच बाहेर पडतं.

ही एकेरी झडप उगीच बसवलेली नाही. गुरुवारी पाणी बंद असलं आणि गच्चीवरची टाकी कोरडी पडली, तरी गीझरमधलं पाणी तिच्यामुळे मागे उतरत नाही आणि कॉइल कोरडी जळत नाही.

आता बूच मारलं आणि पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅटही अडकला, असं समजा. पाणी फारच तापलं तर वीज तोडणाऱ्या कटआउटनेही दगा दिला. पाणी शंभर अंशांच्या पुढे तापत राहतं, पण दाबामुळे उकळत नाही. टाकी फाटली की दाब एका क्षणात उतरतो आणि त्या पाण्यातल्या काही भागाची तिथल्या तिथे वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा मागते. बाथरूमची भिंत पडते ती यामुळे. थर्मोस्टॅट, कटआउट आणि व्हॉल्व्ह अशा तीन राखणदारांतला शेवटचा राखणदार मी त्या दिवशी बांधून ठेवला होता. हे समजल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून टपकणं दिसलं की पान्याला हात घालण्याआधी विचारा: कधी टपकतं? गीझर चालू असतानाच थोडं टपकत असेल, तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. बारीक पाइप जोडून ते पाणी नहाणीच्या जाळीपर्यंत न्या. पाइपाचा उतार खालीच हवा, तोंड उघडं हवं, मध्ये कुठेही कॉक नको. काकूंच्या घरी शेवटी आम्ही हेच केलं आणि पीओपीही वाचलं. गीझर थंड असतानाही टपकत असेल, तर एकतर इमारतीचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला आहे. कढत पाणी धार लावून किंवा वाफेसकट येत असेल, तर कशालाही हात न लावता मेन स्विच पाडा आणि टाकी थंड होऊ द्या. तिथे दोष थर्मोस्टॅटचा असतो.

दाबाचा हिशेब डोक्यात पक्का बसवा. दहा मीटर उंचीला एक बार. गच्चीवर टाकी असलेल्या बारा मजली इमारतीत तळमजल्याला साधारण साडेतीन बार मिळतात, प्रेशर पंप असेल तर त्याहून जास्त. गीझरच्या पाटीवर त्याची दाब सोसण्याची क्षमता लिहिलेली असते. उंच इमारतींसाठीच्या टाक्या ८ बारच्या, म्हणजे पाटीवर ०.८ एमपीए. अर्धा इंची नळाला लागणारा प्रेशर गेज स्वतःचा घ्या आणि शक्यतो रात्री मोजा, कारण वापर कमी असतो तेव्हाच दाब चढतो.

पुण्यातली आणखी एक अडचण म्हणजे पाणी. खडकवासल्याचं पाणी बरंच सौम्य, पण वाघोली-उंड्रीकडच्या सोसायट्यांत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. त्यातले क्षार व्हॉल्व्हच्या बैठकीवर दगडासारखे बसतात. अशा घरचा व्हॉल्व्ह कधीच टपकत नाही, म्हणून लोक निश्चिंत असतात. मला अशाच घरांची जास्त काळजी वाटते. सर्व्हिसला गेलात की वीज बंद करून, टाकी थंड झाल्यावर, व्हॉल्व्हला खटका असेल तर तो हलकेच उचलून पाहा. पाणी यायला हवं आणि सोडल्यावर थांबायला हवं. जुना व्हॉल्व्ह एकदा उचलला की पुष्कळदा नीट बसत नाही, म्हणून त्याच दाबाचा नवा पिशवीत असल्याशिवाय ही चाचणी करू नका. नग तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रिक मालाच्या बाजारात मिळतील. त्यावर कोरलेला आकडा वाचूनच घ्या, आणि तो टाकीच्या क्षमतेहून जास्त कधीही नको.

शिकायचं कुठे, असं बरेच जण विचारतात. आयटीआयचा प्लंबर ट्रेड चांगला, इलेक्ट्रिशियनही चालेल. पण गीझर हे पाणी आणि वीज दोन्हींचं काम आहे, तेव्हा एक शिकलात तर दुसऱ्यासाठी वर्षभर कुणाच्या तरी हाताखाली राहा. परदेशात जायचं मनात असेल, तर तिकडचे आकडे वेगळे आहेत हे आधीच जाणून घ्या. अमेरिकेत गरम पाण्याच्या टाकीवर दाब आणि तापमान दोन्ही पाहणारा एकच व्हॉल्व्ह असतो. तो सहसा १५० पीएसआयला (साधारण १० बार) किंवा ९९ अंशांना उघडतो. ब्रिटनमध्ये घर ऊबदार ठेवणाऱ्या बंद बॉयलरवर साधारण ३ बारचा व्हॉल्व्ह असतो, आणि फुगलेलं पाणी सामावायला वेगळं एक्स्पान्शन भांडं. ते भांडं निकामी झालं की व्हॉल्व्ह टपकू लागतो, आणि तिथेही नवा मुलगा आधी व्हॉल्व्हच बदलायला निघतो.

आता मी निघताना घरच्यांना नळीखाली एक मग ठेवायला सांगतो. आठवडाभर रोज सकाळी अंघोळी उरकल्यावर तो किती भरला ते बघा आणि मला कळवा. तो रोज तेवढाच भरत असेल, तर मी पुन्हा जात नाही. अचानक दुप्पट भरला किंवा एकदम कोरडा राहिला, तर त्याच दिवशी जातो.