‘फेअर’ दिसलं की ‘गोरा’ लिहू नका: अनुवाद करताना या चुका टाळा

इंग्रजीतून मराठीत आलेली हस्तलिखितं तपासताना एक साधं विशेषण मला सतत अडवतं: ‘फेअर’. शब्द प्राथमिक शाळेतल्या मुलालाही माहीत असतो, म्हणून त्यासाठी कोणी कोश उघडत नाही. अवघड शब्दापाशी नवा अनुवादक थांबतो, विचारतो, शोधतो. ‘फेअर’पाशी तो थांबतच नाही. मी ज्या चुका वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे, त्यातल्या बऱ्याच या न थांबण्यातून आलेल्या आहेत.

आधी शब्दाची चाल समजून घ्या. हजारभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत याचा अर्थ होता देखणं, मनाला सुखावणारं. माणूस, घर, शेत, बोलणं, काहीही ‘फेअर’ असू शकायचं. आभाळ निरभ्र असेल तर हवा ‘फेअर’. मग याला फांद्या फुटल्या. एका फांदीवर ‘डाग नसलेलं’ हा अर्थ वागणुकीला लागला आणि चौदाव्या शतकापर्यंत ‘निःपक्षपाती, न्याय्य’ हा अर्थ रुळला. दुसऱ्या फांदीवर त्या समाजाला जी कांती आणि जे केस देखणे वाटत, त्यांचा रंगच शब्दाला चिकटला: उजळ, सोनेरी. तिसऱ्या फांदीवर ‘चांगलं’ हळूहळू घसरत ‘बऱ्यापैकी’ झालं आणि एकोणिसाव्या शतकात ‘ठीकठाक’पर्यंत येऊन पोचलं.

अडचण अशी की नवा अर्थ आला म्हणून जुना गेला नाही. आजच्या एकाच वर्तमानपत्रात हे सगळे अर्थ वेगवेगळ्या पानांवर भेटतात.

माझी सवय एकच आहे. ‘फेअर’ दिसला की मी त्याच्या अर्थाऐवजी त्याचा विरोधी शब्द शोधतो. समोर ‘फाउल’ उभा आहे, की ‘डार्क’, की ‘रफ’, की ‘अनफेअर’, की ‘पुअर’? वाक्यात तो दिसत नसेल तर मीच ठेवून बघतो. जो नीट बसतो, तो अर्थ सांगतो. याला शास्त्र म्हणणार नाही, पण या सवयीने मला क्वचितच फसवलं आहे.

सगळ्यांत घातक चूक: देखणी म्हणजे गोरी

मुलांसाठीच्या एका संग्रहासाठी जुन्या इंग्रजी लोककथांचा अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता. भाषा ओघवती होती, वाचताना कुठे खटकत नव्हतं. एका कथेत कोळ्याची मुलगी ‘फेअर’ होती, अनुवादात ती ‘गोरीपान’ झाली. मी मूळ पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावत होतो, म्हणून पुढची गोष्ट सापडली. चार पानांनंतर मुळात एक सुंदर वाक्य होतं: होडीवर बापाबरोबर काम करून करून त्या मुलीचा चेहरा उन्हाने तपकिरी झाला होता. अनुवादात ते वाक्यच नव्हतं.

अनुवादक तरुण होता, हुशार होता. विचारलं तर म्हणाला, “सर, आधी गोरीपान म्हटलंय, मग ती काळवंडलेली कशी चालेल? विसंगती वाटली, म्हणून काढून टाकलं.”

विसंगती मुळात नव्हती. ती त्याने पहिल्या पानावर स्वतः तयार केली आणि पाचव्या पानावर मूळ लेखकाचं वाक्य कापून मिटवली. ती मुलगी देखणी होती आणि उन्हात काम करणारीही होती. लेखकाला दोन्ही एकत्र दाखवायचं होतं. एका शब्दाचा अर्थ न तपासल्यामुळे कथेतलं तिचं कष्टाळूपणच नाहीसं झालं.

याहून वाईट काय, तर ते पुस्तक दहा वर्षांच्या मुलींच्या हातात जाणार होतं. मूळ कथा म्हणत होती की ही मुलगी सुंदर आहे. अनुवाद म्हणत होता की सुंदर म्हणजे गोरी. ज्या भाषेत विठ्ठलाचं सावळेपण हेच त्याचं रूप म्हणून शतकानुशतकं गायलं गेलं, त्या भाषेत ही समजूत आपण कोशाच्या आळसातून आत घ्यावी, हे मला अजिबात पटत नाही. संपूर्ण हस्तलिखितातले सगळे ‘गोरीपान’ मी त्याला मुळाशी ताडून बघायला लावले. बहुतेक ‘देखणी’ झाले. जिथे केसांचं वर्णन होतं तिथे ‘सोनेरी केसांची’ आलं.

ही चूक आपल्याकडे का रुजली, हे उघड आहे. लग्नाच्या जाहिरातींत ‘फेअर’ म्हणजे गोरा एवढंच वाचत आपण मोठे झालो. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने तोच अर्थ घराघरात नेला. 2020 साली त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला, पण कानावर बसलेला अर्थ नाव बदलल्याने जात नाही.

रंगाचा अर्थ खरा असतो तेव्हाही घाई नको. 1609 साली छापलेल्या शेक्सपिअरच्या सुनीतांत 127 वं सुनीत सुरू होतं तेच या विधानाने, की पूर्वी काळा रंग ‘फेअर’ गणला जात नसे. तिथे कवी ‘उजळ’ आणि ‘सुंदर’ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मुद्दाम धरून आहे. अशा ठिकाणी अनुवादकाने एक दिवस घालवला तरी तो वाया गेला असं मी मानत नाही.

बाजारातला ‘फेअर’: उत्तमही नव्हे, वाईटही नव्हे

हमीभावाने सोयाबीन, तूर खरेदी करताना माल ‘एफएक्यू’ हवा असं सांगतात. यातला ‘एफ’ म्हणजे ‘फेअर’, आणि पूर्ण शब्द ‘फेअर ॲव्हरेज क्वालिटी’. इथे समोर ‘पुअर’ उभा आहे. म्हणजे अर्थ झाला: ठरलेल्या निकषांत बसणारा, सर्वसाधारण बरा माल. सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के, शिवाय माती-काडीकचरा आणि डागी दाण्यांच्या मर्यादा. वाळवलेला, चाळलेला साधा माल यात बसतो.

आमच्या भागात एका हंगामात खरेदीची माहिती देणारं पत्रक वाटलं गेलं. कोणीतरी इंग्रजीवरून मराठी केलं होतं आणि त्यात लिहिलं होतं, ‘फक्त उत्तम दर्जाचा माल स्वीकारला जाईल’. माझ्या चुलत्यांनी ते वाचलं आणि माल केंद्रावर नेलाच नाही. व्यापाऱ्याला हमीभावापेक्षा कमी दराने घालून मोकळे झाले. मी विचारलं तर म्हणाले, “आपला माल काय उत्तम नाही बाबा, साधाच आहे. तिथं नेऊन परत आणायचं भाडं कोण भरणार?”

माल वाळलेला होता, स्वच्छ होता. निकषांत बसला असता. पत्रक मी नंतर पाहिलं, तोवर पोती गेली होती. त्या पत्रकाचं मराठी करणाऱ्याला दोन मिनिटं जास्त लागली असती. सरकारी किंवा बाजाराच्या कागदात ‘फेअर’ आला आणि तुम्हाला शंका असेल, तर त्या धंद्यातल्या माणसाला फोन करा. कोशापेक्षा आडत्या जास्त सांगतो. फोनमधल्या भाषांतर-ॲपवर तर असल्या कागदाचा भार टाकूच नका. चुकीचं वाक्यही ते तितक्याच आत्मविश्वासाने देतं आणि नवख्याला तोच आत्मविश्वास खरा वाटतो.

उसाच्या ‘एफआरपी’तला ‘एफ’ही ‘फेअर’च, पण अर्थ वेगळा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 2009 साली बदल झाला आणि वैधानिक किमान किमतीच्या जागी ‘रास्त आणि किफायतशीर दर’ आला. इथे समोर ‘अनफेअर’ आहे. ‘रास्त’ ही निवड ज्याने केली त्याला माझा मनापासून नमस्कार. ‘चांगला दर’ लिहिलं असतं तर घोटाळा झाला असता, कारण एफआरपी ही खालची मर्यादा आहे. कारखाना त्याहून जास्त देऊ शकतो, कमी नाही.

हा दर ठरवताना ज्या बाबी पाहायच्या, त्यांच्या यादीत उसाचा उत्पादनखर्च येतो, तसंच ग्राहकाला साखर ‘फेअर प्राइस’ला मिळणं हेही येतं. म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूने ‘फेअर’ म्हणजे पुरेसं, ग्राहकाच्या बाजूने ‘फेअर’ म्हणजे परवडणारं. रेशनचं दुकान ‘रास्त भाव दुकान’ असतं ते या दुसऱ्या बाजूने. मराठीतला ‘रास्त’ दोन्ही टोकं पेलतो. ‘वाजवी’ही पेलतो. ‘योग्य’ मात्र मला अशा जागी फार पातळ वाटतो. नवशिके तो सगळीकडे वापरतात, कारण तो कुठेच चुकत नाही आणि कुठेच काही सांगत नाही.

बाकीच्या चुका, थोडक्यात

‘फेअरली गुड’ म्हणजे ‘न्याय्यपणे चांगलं’ नव्हे. ‘बऱ्यापैकी चांगलं’. ही चूक अजूनही येते, पदवीधरांकडून येते.

गुणपत्रक किंवा कामाच्या मूल्यमापनात ‘फेअर’ आलं की ‘छान’ लिहू नका. एक्सलंट, गुड, फेअर, पुअर अशी उतरंड असते. तिथे तो तळापासून दुसरा आहे. ‘साधारण’ म्हणा.

क्रिकेटच्या नियमांत ‘फेअर डिलिव्हरी’ म्हणजे प्रामाणिक चेंडू नव्हे, नियमात बसणारा चेंडू. कोपर आयसीसीच्या 15 अंशांच्या मर्यादेपलीकडे सरळ झालं, तर गोलंदाजाची नियत कितीही साफ असो, तो चेंडू ‘फेअर’ नाही.

पुस्तकांचं, विज्ञानाचं ‘फेअर’, म्हणजे जत्रा किंवा मेळा, हा वेगळाच शब्द आहे. तो लॅटिनमधल्या सणाच्या दिवसाच्या शब्दावरून आला. परीचा ‘फेअरी’ही याच्या कुळातला नाही, त्याचं मूळ लॅटिनमधल्या नियतीच्या शब्दात. बसचं ‘फेअर’ तर प्रवास करणे या क्रियापदातून आलेलं, स्पेलिंगही निराळं. कार्यशाळांमध्ये या चौघांना एका घरात बसवणाऱ्या गोड गोष्टी सांगितल्या जातात. त्या सांगू नका.

‘फेअर विंड’ म्हणजे मंद वारा नव्हे. शिडाच्या जहाजाला हव्या त्या दिशेने नेणारा वारा, अनुकूल वारा. तो चांगला जोरातही असू शकतो.

‘फेअर वेदर रोड’ हा शब्द आपल्या बांधकाम खात्याच्या कागदांत नेहमी येतो. सुंदर हवामानाचा रस्ता असं कोणी लिहिलेलं पाहिलं की मला त्या गावाची काळजी वाटते. पावसाळ्यात बंद पडणारा, फक्त कोरड्या दिवसांत चालणारा रस्ता, एवढं स्पष्ट लिहा. गर्भवती बाईला दवाखान्यात न्यायचं असेल तर हा फरक समजणं गरजेचं असतं.

‘फेअर कॉपी’साठी आपल्याकडे शाळेपासून ‘फेअर वही’ आहे आणि तिच्या समोर ‘रफ वही’. जुन्या इंग्रजीत मात्र कच्च्या लिखाणाला ‘फाउल पेपर्स’ म्हणत. शेक्सपिअरच्या काळातल्या नाटकांच्या हस्तलिखितांबद्दल अभ्यासक आजही हाच शब्द वापरतात. तिथे ‘घाणेरडे कागद’ किंवा ‘गलिच्छ लेखन’ असं भाषांतर माझ्यापर्यंत आलेलं आहे. तो नाटककाराचा खाडाखोडीचा कच्चा खर्डा असतो, आणि ‘फेअर कॉपी’ ही त्यावरून स्वच्छ अक्षरात उतरवलेली पक्की प्रत.