वाळवंटातील मोटारप्रवास : पाणी, इंधन आणि परतीचा हिशेब

वाळवंटातील प्रवासाची आखणी करताना बहुतेक जण काय काय पाहायचे याची यादी आधी करतात आणि पाणी, इंधन व वेळ यांचा विचार त्या यादीच्या मागून करतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. इतर प्रदेशांत चुकलेला हिशेब वाटेतले एखादे गाव, एखादी विहीर किंवा मागून येणारी गाडी सांभाळून घेते. वाळवंटात यांपैकी काहीही मिळेल असे धरून चालता येत नाही. म्हणून जी काही सवड लागणार आहे ती निघण्यापूर्वीच हिशेबात धरावी लागते. शिवाय ज्याच्याजवळ सवड असते तोच वाटेत थांबून टेकडीवर बदलत जाणारा प्रकाश निवांत पाहू शकतो.

आपण कोणत्या प्रकारच्या वाळवंटात जात आहोत, हे आधी नीट समजून घ्यावे. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला ढोबळमानाने वाळवंट म्हणतात आणि त्यात वाळू असेलच असे नाही. खुद्द सहाराचाही जेमतेम चौथा हिस्सा वाळूचा आहे, बाकीचे खडकाळ पठार आणि दगडगोट्यांची मैदाने आहेत. गोबीतला हिवाळा उणे ४० अंशांपर्यंत उतरू शकतो, नामिबच्या किनारपट्टीवर दाट धुके येते, तर अटाकामातील मोठी मिठागरे दोन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर असल्यामुळे तिथे उन्हाबरोबर विरळ हवेचाही विचार करावा लागतो. खडकाळ भागात टायर फाटण्याची भीती अधिक असते, वाळूत चाके रुतण्याची आणि मिठागरात वरचा पातळ थर फुटून गाडी खालच्या चिखलात जाण्याची. तयारी त्यानुसार बदलते.

ऋतूच्या बाबतीत तडजोड करू नये. ऑस्ट्रेलियातील सिम्प्सन वाळवंटाचे संरक्षित क्षेत्र दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, प्रवाशांसाठी बंद ठेवले जाते. अमेरिकेतील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आणि तिथे आजही उन्हाळ्यात पारा वारंवार पन्नाशीच्या आसपास जातो. जिथे असे अधिकृत निर्बंध नाहीत तिथेही सर्वाधिक उष्ण महिने आपणहून वगळावेत. थंडीच्या महिन्यांत गेल्यास दिवस लहान असतो आणि रात्री कडाक्याच्या असतात, त्यामुळे गरम कपडे व जाड अंथरूण-पांघरूण हवेच. मात्र थंडीवर कपड्यांनी मात करता येते, तशी पन्नास अंशांच्या उन्हावर करता येत नाही.

मार्ग ठरवताना किलोमीटर मोजू नयेत, तास मोजावेत. डांबरी रस्त्यावर दोन तासांत संपणारे अंतर कच्च्या वाटेवर पाच तास घेऊ शकते, आणि मऊ वाळूच्या टेकड्यांमध्ये पूर्ण दिवस जाऊनही ते संपेल याची खात्री नसते. दिवसाकाठी प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे पाच तास धरावेत आणि मुक्कामाच्या जागी सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचावे. संधिप्रकाशात आणि रात्री जनावरे रस्त्यावर येतात, खड्डे दिसत नाहीत आणि वाट चुकल्याचे उशिरा लक्षात येते. फोनमधील नकाशा सोबत असावा, पण भिस्त त्याच्यावर ठेवू नये. निर्जन भागात असे नकाशे कधीच्या मोडलेल्या वाटाही चालू रस्ता म्हणून दाखवतात. त्या भागाचा ताजा कागदी नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवावे, आणि जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी त्या क्षेत्राच्या व्यवस्थापनाकडून रस्त्यांची सद्यस्थिती व लागणारे परवाने विचारून घ्यावेत.

इंधन

समजा, दोन पंपांमधले अंतर ३०० किलोमीटर आहे आणि आपली गाडी डांबरी रस्त्यावर लिटरला १२ किलोमीटर धावते. कागदावर २५ लिटर पुरतात. पण मऊ वाळूत, खालच्या गिअरमध्ये आणि भरलेल्या सामानासह तीच गाडी लिटरला ७ किलोमीटरवर येऊ शकते, म्हणजे गरज ४३ लिटरांची झाली. त्यात निम्मी भर आडवळणांसाठी व अडथळ्यांसाठी घातली की आकडा ६५ लिटरांपर्यंत जातो. टाकी ५० लिटरांची असेल तर उरलेले १५ लिटर इंधनासाठीच बनवलेल्या कॅनमध्ये न्यावे लागतील. कॅन काठोकाठ भरू नयेत, कारण उष्णतेने इंधन प्रसरण पावते, आणि ते माणसे बसतात त्या भागात कधीही ठेवू नयेत. आपण ज्या पंपाच्या भरवशावर आहोत तो बंद निघाला तर काय, हा प्रश्नही स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर नसेल तर आखणी पूर्ण झालेली नाही. वाट अनोळखी असेल तेव्हा जुना नियम उपयोगी पडतो : एक तृतीयांश इंधन जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि एक तृतीयांश अडचणीसाठी. दोन हिस्से शिल्लक राहिले की तिथूनच मागे फिरायचे, समोरची टेकडी कितीही जवळ दिसत असली तरी.

पाणी

माणशी दिवसाला ४ लिटर पिण्याचे पाणी हे किमान प्रमाण आहे. उन्हात चालणे किंवा वाळू उपसणे झाले तर ६ लिटर धरावेत. प्रवास तीन दिवसांचा असेल तर पाणी पाच दिवसांचे घ्यावे. चार जणांसाठी दिवसाला सहा लिटरप्रमाणे हे १२० लिटर होतात आणि त्यांचे वजन १२० किलो भरते, म्हणजे गाडीत दोन माणसे जास्त बसल्यासारखेच. हे वजन टपावर ठेवले तर उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. म्हणून पाण्याचे कॅन गाडीच्या तळाशी, पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या भागात, पट्ट्यांनी आवळून ठेवावेत. सगळे पाणी एकाच टाकीत भरणे ही मोठी चूक आहे, कारण एक तडा गेला की सगळेच जाते. वीस-वीस लिटरांचे सहा कॅन घ्यावेत आणि निघण्याच्या आदल्या रात्री प्रत्येक कॅन भरून, आडवा करून, कोरड्या कागदावर ठेवावा. सकाळी कागदावर ओल दिसली तर तो कॅन बाजूला काढावा. रेडिएटरसाठी आणि हातपाय धुण्यासाठी लागणारे पाणी या हिशेबाबाहेरचे आहे.

पाणी वाचवण्यासाठी तहान मारू नये. वाचवायचाच असेल तर घाम वाचवावा : सावलीत राहावे, अंगभर सैल कपडे घालावेत, श्रमाची कामे पहाटे किंवा संध्याकाळी करावीत. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. त्याच वेळी तासन्‌तास घाम गाळून नुसते साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते, तेव्हा जेवणात पुरेसे मीठ असावे आणि जलसंजीवनीच्या पुड्या जवळ असाव्यात. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा, आणि माप काटेकोर पाळावे.

गाडी आणि वाळू

पट्टे, रबरी नळ्या, बॅटरी, कूलंट आणि हवेचा फिल्टर यांची तपासणी प्रवासाच्या आठवडाभर आधी करून घ्यावी, म्हणजे बदललेला भाग नीट बसला आहे की नाही हे घराजवळच कळते. एका स्टेपनीऐवजी दोन घ्याव्यात. टायरमधील दाब मोजण्याचे मापक, गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, लांब दांड्याचे फावडे, चाकाखाली घालण्याच्या दोन मजबूत फळ्या, आणि जॅक वाळूत बुडू नये म्हणून त्याच्याखाली ठेवायला जाड लाकडी पाट, एवढे साहित्य नसेल तर मऊ वाळूत शिरूच नये. शक्य असेल तर दोन गाड्यांनी जावे. एक रुतली तर दुसरी ओढून काढते, आणि ही सोय कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाची आहे.

वाळूत सर्वांत उपयोगी पडते ते टायरमधील हवा कमी करणे. टायरच्या तोंडावरचे टोपण काढून ते खिशात ठेवावे, मधली बारीक पिन काडीने दाबावी आणि हवा फुसफुसत बाहेर पडू लागली की दर अर्ध्या मिनिटाने मापक लावून पाहावे. रस्त्यावर ३५ पीएसआय असलेला दाब १८ ते २० पर्यंत उतरवला की टायर खाली किंचित फुगीर दिसतो आणि त्याचा वाळूला टेकणारा भाग लांबट होतो. गाडीचे वजन तेवढ्या जास्त जागेवर विभागले गेल्याने चाक वाळू कापत आत न जाता तिच्यावरून चालते. अशा टायरवर वेग कमी ठेवावा आणि झटक्याने वळू नये, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्ता लागताच आधी हवा भरावी, कारण कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो.

वाळूची टेकडी चढताना आणि उतरताना सरळ रेषेत जावे. तिरके गेल्यास गाडी कलंडते. वाऱ्याने रचलेल्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य असते, तर पलीकडची घसरती बाजू तीस अंशांहून अधिक उताराची असू शकते. म्हणून माथ्यापलीकडे काय आहे हे आधी पायी चढून पाहावे. सकाळी लवकर निघण्याचे दोन फायदे आहेत : रात्रीच्या गारव्यामुळे वाळू जरा घट्ट असते आणि तिरप्या उन्हात तिच्यावरची प्रत्येक लाट सावलीसह दिसते. भर दुपारी तीच जमीन सपाट भासते आणि खड्डा चाकाखाली आल्यावरच कळतो. टेकड्यांचे खरे सौंदर्यही त्याच सकाळच्या उजेडात दिसते.

गाडी रुतल्याचे जाणवताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. जोर लावून चाके फिरवली तर ती काही क्षणांत इतकी खोल जातात की गाडीचे पोट वाळूवर टेकते. खाली उतरून आधी पोटाखालची वाळू काढावी, मग ज्या दिशेला निघायचे त्या दिशेने चाकांसमोर हलक्या चढणीचे चर खणावेत, त्यांत फळ्या बसवाव्यात आणि टायरची हवा आणखी थोडी उतरवावी. बहुतेक वेळा पुढे जाण्याऐवजी आपल्याच चाकोरीतून मागे येणे सोपे जाते, कारण ती वाळू आधीच दाबलेली असते. फळ्यांच्या मागेपुढे कोणीही उभे राहू नये. चाकाखालून त्या जोरात उडतात.

पूर आणि धुळीचे वादळ

ज्या प्रदेशात पाऊसच नाही तिथे पुराचा इशारा अनेकांना पटत नाही. परंतु कठीण, उघडी जमीन पाणी सावकाश शोषते आणि अनेक किलोमीटर दूर पडलेल्या सरीचे पाणी निरभ्र आकाशाखालच्या कोरड्या पात्रात लोंढ्याने येते. त्यामुळे अशा पात्रात, तिथली वाळू कितीही मऊ आणि सपाट असली तरी, मुक्काम करू नये. साधारण ३० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते आणि ६० सेंटिमीटरचे बहुतेक गाड्या वाहून नेते. पाणी ओसरेपर्यंत काठावर थांबावे. धुळीचे वादळ आले तर रस्त्यापासून शक्य तितके दूर थांबून दिवे बंद करावेत आणि ब्रेकवरचा पाय काढून हातब्रेक लावावा, कारण मागून येणारा चालक चालू दिव्यांना रस्ता समजून थेट त्यांच्यावर येऊ शकतो.

अडकल्यास

गाडी बंद पडली तर तिच्यापासून दूर जाऊ नये. पायी निघालेल्या माणसापेक्षा गाडी विमानातून कितीतरी सहज दिसते, आणि पाणी व सावलीही तिथेच असते. ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवणारे यंत्र नोंदणी करून जवळ ठेवावे. आरशाचा कवडसा, तीन धूर किंवा तीन शिट्ट्या हा संकटाचा ओळखीचा संकेत आहे. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला आणि अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरीही हा धोका असतो. त्याला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंग भिजवून सतत वारा घालावा आणि त्याच वेळी मदतीचा संदेश पाठवावा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

मुक्काम

मुक्काम आधीच वापरात असलेल्या जागेवर करावा आणि गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवावी. अनेक वाळवंटांत जमिनीवर काळपट, खडबडीत साय धरल्यासारखा थर दिसतो. तो जिवंत असतो. सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी बनलेला हा थर माती धरून ठेवतो आणि एका चाकाने मोडला तर भरून यायला दशके लागतात. पाणवठ्याच्या अगदी काठावर तंबू ठोकू नये, कारण माणसांच्या भीतीने जनावरे तहानलेलीच परत फिरतात. जळणासाठी झुडपे तोडू नयेत, आणि कचरा पुरण्याऐवजी परत न्यावा. सकाळी बूट झटकून मगच घालावेत. अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी जवळ असेल तर रात्री विंचू हिरवट-निळे चमकताना दिसतात, आणि त्यामुळे झोपण्याची जागा तपासणेही सोपे होते. आकाश पाहायचे असेल तर तारखा अमावास्येच्या आसपासच्या धराव्यात.

निघण्यापूर्वी एक कागद तयार करून विश्वासू व्यक्तीकडे द्यावा. त्यावर मार्ग, मुक्काम, गाडीचा क्रमांक व रंग, माणसांची संख्या, सोबतचे पाणी, परतण्याचा दिवस व तास, आणि त्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास कोणाला कळवायचे, हे स्पष्ट लिहावे. वाटेत मार्ग बदलायचे ठरले आणि ते कळवण्याची सोय नसेल, तर मार्ग बदलू नये, कारण शोध त्या कागदावरील वाटेवरच सुरू होईल. परतल्यावर संपर्क येताच पहिला फोन त्या व्यक्तीला करावा आणि मगच टायरमध्ये हवा भरायला उतरावे.