बोटीचं इंजिन गळतंय? आधी चिंधी, मग पाना
पानशेतच्या बॅकवॉटरला आमची जुनी डिझेल बोट आहे. गळती दिसली की लोक थेट पाना उचलतात. मी आधी इंजिन डिग्रीझरने लख्ख पुसतो, खाली वर्तमानपत्र अंथरतो आणि दहा मिनिटं चालवतो. थेंब पडतो ती जागा फसवी असते. ओला माग वर जिथून सुरू होतो, तिथे बघा.

डिझेल बहुधा बॅन्जो बोल्टच्या (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, ज्यातून डिझेल जातं) तांब्याच्या वॉशरमधून पाझरतं. आवळत बसू नका, पुण्याच्या नाना पेठेतून नवे वॉशर आणा. अडलंच तर जुना लालबुंद तापवून पाण्यात टाका, मऊ पडतो. चालू इंजिनाच्या इंजेक्टर पाइपवर मात्र हात फिरवायचा नाही. दाबातलं डिझेल कातडीत घुसतं. गळती शोधायला हाताऐवजी पुठ्ठा धरा.

टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) या भागात थेंब न पडताही गळती असते: हवा आत ओढली जाते आणि इंजिन धापा टाकत बंद पडतं.

पाण्याच्या पंपाच्या पोटाला बारीक भोक असतं. तिथून पाणी आलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल आलं तर ऑइलचं. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिलेत. मग पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायची पट्टी) दुधाळ चहा!